मधली शिवण

पुरुषाने स्कर्ट घातला की लोकांना कारण लागतं. बाईने पँट घातली तर ती कामाला निघाली असेल असं म्हणून जग पुढे जातं. पुरुषाने स्कर्ट घातला तर मात्र तो देवाच्याच कामाला निघालेला असला पाहिजे, अशी जगाची खात्री असते. मधली म्हणून काही शक्यता लोक मानायलाच तयार नाहीत. मी सबंध एक आठवडा त्या मधल्या शक्यतेत काढला, म्हणून सांगतो.

सुरुवात गळवापासून झाली. गळू कुठे झालं होतं हे मी सांगणार नाही. मी त्या दिवसांत खुर्चीत बसण्याऐवजी खुर्चीशेजारी उभा राहत असे, एवढ्यावरून समजून घ्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "हवा लागू द्या."

"कुठे?" मी विचारलं.

"जिथे झालंय तिथे. चांगली ढगळ पँट घाला."

आता ढगळ पँट ही वस्तू जगातून नाहीशी झालेली आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. दुकानात गेलो तर विक्रेत्याने माझ्यासमोर ज्या पँटा टाकल्या त्यांत माझा एक पाय गेला असता, पण तोही फक्त गुडघ्यापर्यंत. "याहून ढगळ नाही का?" असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. कमरेला नुसतं कापड गुंडाळावं असंही मनात आलं, पण त्याला गाठ मारावी लागते. माझ्या बुटाच्या नाड्यासुद्धा रस्त्यात सुटतात. शेवटी मी घरी येऊन बायकोसमोर कपाळाला हात लावून उभा राहिलो.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी शिवते."

मी दोन पावलं मागे सरलो, आणि ते का हे सांगणं भाग आहे. आमच्या हिला शिवणयंत्राची हौस लग्नाच्या आधीपासूनची. ती हौस यंदा पुरी झाली. ही क्लासला जाऊ लागली आणि घरात यंत्राची घरघर सुरू झाली. पण यंत्र आणि ही यांचं काही जुळेना. पहिला उशीचा अभ्रा झाला तो चारही बाजूंनी शिवलेला होता, उशी बाहेरच. माझ्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. जमले ते फक्त बाहेरच्या खोलीचे पडदे, कारण पडद्यात सरळच जायचं असतं. हिरव्या कापडावर पिवळ्या छत्र्या असलेले ते पडदे ती दिवसातून दोनदा सारखे करत असे. माझी बहीण आली की त्या अभ्र्याकडे बघून एवढंच म्हणे, "असू दे, वहिनी, हात रिकामा नको." यावर हिच्या नाकाला मिरच्या झोंबत.

"पडद्याचं कापड बरंच उरलंय," ही माझ्या कमरेभोवती टेप टाकत म्हणाली. "पण एक सांगते. ही पँट बिघडली ना, तर मशीन ताईंना देऊन टाकते. त्यांना हवंच आहे. मला नाही जमत म्हणजे नाही जमत."

हे ती हसत बोलली, पण तिने टेप गुंडाळायला नको इतका वेळ लावला. तेव्हाच मी ठरवलं की पँट कशीही होवो, आपण ती छान म्हणायची. नवऱ्याने एवढं तरी करावं. पण ती पँटच होणार नाही, ही शक्यता मी धरलेली नव्हती.

झालं असं. पँटीच्या डाव्या पायाच्या आतल्या दोन कडा एकमेकींना जोडायच्या असतात आणि उजव्या पायाच्या एकमेकींना. हिने कापडाचे तुकडे बाहेरून बरोबर जोडले, खिसे बरोबर लावले, आणि आतून मात्र डाव्या पायाची कड उजव्याला आणि उजव्याची डाव्याला शिवून टाकली. दोन पायांच्या मधली शिवण राहूनच गेली. वर दोन्ही पाय जावेत असा एकच ऐसपैस पाय तयार झाला. शिवाय एका तुकड्यावरच्या छत्र्या सुलट्या होत्या आणि दुसऱ्या तुकड्यावरच्या उलट्या.

मी तो घालून बाहेरच्या खोलीत आलो. ही माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू खाली गेली, छत्र्यांवरून घेरापर्यंत, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"वा," मी घाईघाईने म्हणालो. "अगदी हेच हवं होतं मला."

"खरंच?"

"म्हणजे काय. डॉक्टर काय म्हणाले? हवा लागू द्या. पँटीत कुठून येणार हवा? तू मधली शिवण घातली असतीस तर मला ती उसवायला सांगावी लागली असती."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बाई नवऱ्याचं खोटं कानाने ऐकत नाही, डोळ्यांनी बघते. "मग उद्या ऑफिसला घालून जाल?" ती म्हणाली. "का नुसतं मला बरं वाटावं म्हणून बोलताय?"

"हाच घालून जाणार," मी म्हणालो. घोडं कुठे पेंड खातंय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ही आनंदाने यंत्रावर कापड पांघरत होती.

त्या संध्याकाळी मी स्कर्ट घालून बाहेरच्या खोलीतल्या जमिनीपर्यंतच्या खिडकीपाशी सवय करत उभा होतो. दोन बाजूंना दोन पडदे, मधे मी. आमच्या समोरच्या इमारतीत एक काकू राहतात. त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर येते आणि काकूंचा दिवस बहुतेक त्या खिडकीत जातो. त्या वेळी त्यांच्याकडे माझं लक्षही नव्हतं. हिरव्या पडद्यांच्या मधे हिरवा स्कर्ट, छत्र्यांवर छत्र्या. कमरेखाली मी त्या पडद्यांत पार विरघळून गेलो होतो. काकूंना दिसलं ते एवढंच की आमच्या घरात एक अर्धा माणूस जमिनीपासून बराच वर, शांत चेहऱ्याने तरंगतो आहे.

चेहरा शांत होता, कारण त्या वेळी पहिल्यांदाच तिथे हवा लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून उतरत होतो, तर वरच्या मजल्यावरचे मास्तर मला बघून कठड्याला चिकटून उभे राहिले. हे मास्तर निवृत्त आहेत. निवृत्त होण्यापूर्वी ते इतिहास शिकवत, आता सगळंच शिकवतात.

"कुठला पंथ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कसला पंथ, मास्तर? आरामासाठी घातलाय."

"आराम. विराम. शांती," मास्तर मान डोलावत म्हणाले. "कळलं मला. कालच समोरच्या काकू सांगत होत्या. अहो, धर्म आणि घेर यांचं नातं फार जुनं आहे. जगात कुठेही जा, जो देवाच्या जवळ गेला त्याच्या वस्त्राचा घेर वाढला. पँट ही संसारी माणसाची. दोन पाय, दोन वाटा. तुमचे एकत्र आले." मग ते वाकून माझ्या छत्र्या बघायला लागले. "ही सुलटी छत्री म्हणजे ईश्वराचं छत्र. आणि ही उलटी?"

ती उलटी कापड उलटं धरून कापल्यामुळे झाली होती. पण ते बोलायचं म्हणजे बायकोची फजिती जिन्यात मांडायची. मी नुसता घेर सारखा केला.

"वरून जे येईल ते झेलायचं," मास्तरांनी स्वतःच सोडवून टाकलं. "केवढा विचार आहे हो यामागे."

मी बोलून सुटायला हवं होतं, हे तुम्ही म्हणाल. मी तरी कितीदा बोललो. दुकानात गेलो, तर नेहमीचा दुकानदार साबणाची वडी हातात धरून थांबला आणि अदबीने म्हणाला, "तुमच्यात साबण चालतो ना?" मी म्हणालो, "अहो, मी तोच आहे. नुसता सोयीसाठी घातलाय." त्यावर तो समजूतदारपणे हसला आणि त्याने वडी कागदात गुंडाळून, हात लागणार नाही अशी माझ्या पुढ्यात ठेवली. माणूस सोयीसाठी काही घालू शकतो, यावर कुणाचाच विश्वास नाही. त्याच दुकानात पायांत चिमटणारे बूट घालून एक गृहस्थ कण्हत उभे होते, त्यांना कुणी धर्म विचारला नाही.

आता ऑफिसचं सांगतो. मी बस वाहतुकीच्या ऑफिसात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसतो. बसमध्ये लोक जे विसरतात ते आमच्याकडे येतं. छत्र्या, चष्मे, डबे, एकेकटे बूट, एकदा कवळी. खिडकीला छातीएवढा लाकडी कट्टा आहे, त्यामुळे समोरच्याला माझा वरचाच भाग दिसतो. या कट्ट्याच्या भरवशावर मी तिथवर पोचलो होतो. पण सामानाच्या फळ्या छतापर्यंत गेलेल्या आहेत आणि वरचं सामान काढायला शिडी लागते. ती गोष्ट मी विसरलो होतो.

पहिल्याच बाई छत्रीसाठी आल्या. छत्र्या सगळ्यात वर. मी शिडी चढलो, आणि शिडीवर मधोमध असताना आमचे साहेब आत आले.

आमचे साहेब भित्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. खुर्चीतही ते एका कडेवर बसतात, कधी सबंध बसत नाहीत. आम्ही सगळे ते सावधपणाचं लक्षण समजत होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग लगेच खाली केली, आणि शिडीखालच्या फरशीला उद्देशून म्हणाले, "जरा आत येता?"

आत आस्थापना विभागाच्या बाई बसलेल्या होत्या. या बाईंना ऑफिसचे सगळे नियम पाठ आहेत. त्यांनी ते पाठ केल्यामुळे ऑफिसात दुसऱ्या कुणालाच ते वाचावे लागत नाहीत.

"पुरुष कर्मचाऱ्याने पूर्ण लांबीची पँट घालावी," बाई म्हणाल्या. "धार्मिक पोशाख असेल तर सूट आहे. धार्मिक आहे का?"

"नाही हो. सोयीसाठी आहे."

"सोयीसाठी?" बाईंचा आवाज चढला. "हे ऑफिस आहे. इथे सोयीसाठी कोणी काही घालत नाही. घरी जा आणि पँट घालून या."

मी दारापर्यंत गेलोसुद्धा. मग डोळ्यांसमोर आली ती घरी बसलेली बायको. मी भरदुपारी पँट घालायला परत आलो, तर तिला काय ते कळणार. संध्याकाळी बहिणीला फोन जाणार आणि शिवणयंत्र घरातून निघणार. मी दारात थांबलो. काही सुचेना, म्हणून डोळे मिटले आणि गप्प उभा राहिलो.

माझ्या गप्प राहण्याने साहेबांना घाम फुटला. "बाई, जरा सबुरीने घ्या," ते कुजबुजले. "उगाच कुणाच्या भावना दुखावल्या तर वरपर्यंत जाईल." मग माझ्याकडे वळून त्यांनी अतिशय मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या भावना दुखावल्या नाहीत ना?"

माझ्या सबंध नोकरीत ऑफिसने माझ्या भावनांची चौकशी पहिल्यांदाच केली. खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बघून साहेब उठूनच उभे राहिले.

"बोलत नाहीत, मौन असेल," बाईंनी नोंद केली. "राहू दे तर राहू दे. पण नियमाप्रमाणे धर्मप्रमुखाची सही लागेल. यांच्या धर्माचे प्रमुख कुठे असतात?"

या प्रश्नावर मी जे उत्तर दिलं, ते त्या घडीला माझ्या दृष्टीने शंभर टक्के खरं होतं. मी म्हणालो, "घरीच असतात."

सुट्टीच्या दिवशी घरी येऊन सही घ्यायची, असं ठरलं. मला वाटलं, तोवर गळू बरं होईल, काहीतरी निघेल. निघालं ते भलतंच. ज्या बाई छत्रीसाठी आल्या होत्या, त्यांना छत्री मिळाली. आता ती मिळणारच होती. बस वाहतूक पगार देते तो मला त्याचाच. पण त्या बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं की आत एक महाराज बसतात, ते वर चढतात आणि हरवलेली वस्तू घेऊनच खाली येतात.

झालं. खिडकीसमोर रांग लागली. आधी वस्तू हरवलेले लोक आले, मग नुसतेच लोक आले. वस्तू सापडली की ते माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत. सापडली नाही तर "आमचीच पुण्याई कमी" म्हणून तक्रार न करता निघून जात. आमच्या खिडकीच्या इतिहासात तक्रार नसलेला तो पहिला आठवडा. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ आले आणि कट्ट्यावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "माझी मनःशांती हरवली आहे."

"कुठल्या बसमध्ये?" मी सवयीने विचारलं.

त्यांनी बराच वेळ विचार केला. "रोजच्याच," ते म्हणाले, आणि एकदम हलकं वाटल्यासारखे हसून निघून गेले. हा दृष्टान्त पुढे मास्तरांच्या तोंडून मी जिन्यात दोन वेळा ऐकला, अर्थासकट.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी कुणाजवळ बोललो नाही. मला तो स्कर्ट आवडायला लागला होता. गळू तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसलं, तरी आवडतच राहिला. चालताना पायांभोवती वारा खेळायचा. जिना उतरताना घेर मागून येऊन पायांवर हलकेच टेकायचा. आणि खिसे काय होते म्हणून सांगू. हिने मापात गफलत करून ते गुडघ्यापर्यंत नेले होते. त्यांत वर्तमानपत्र मावे, चष्म्याचं घर मावे, दोन केळी मावत आणि वर हात घालायला जागा उरे. पँटीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा केवढा मोठा शोध आहे. मी रस्त्याने जाताना शीळ घालायला लागलो होतो. लोक तिला स्तोत्र समजून बाजूला होत.

पण एका संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर ही यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. यंत्रावर कापड नव्हतं, दोरा नव्हता.

"काय झालं?"

"समोरच्या काकू भेटल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, ते वस्त्र माणसाच्या हाताने शिवलेलं नाहीच. बघितल्याबरोबर कळतं म्हणाल्या." ती हसायला गेली, पण हसू पुरतं आलं नाही. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची एक वस्तू कुणाच्या अंगावर बसली. तर तीही माझी नाही. मास्तर म्हणतात आकाशातून आली."

"मी सांगतो त्यांना."

"काय सांगणार?" तिने विचारलं.

मी मनात हिशेब मांडून बघितला. हिनेच शिवला म्हणून सांगावं, तर स्कर्ट का शिवला हे सांगावं लागणार. पँट करायला घेतली होती म्हणावं, तर ती चूक चारचौघांत मांडली जाणार. न सांगावं, तर तिचं कौतुक भलतंच कुणी घेऊन जाणार. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. मी केळं काढून तिला दिलं. तिने ते खाल्लं नाही.

सुट्टीच्या सकाळी साहेब आणि आस्थापनेच्या बाई आल्या. साहेबांनी बूट खाली फाटकापाशीच काढून ठेवले होते आणि ते मोज्यांवर जिना चढून आले. मागून मास्तर आले. "साक्षीला," ते म्हणाले. समोरच्या काकू आपल्या खिडकीत होत्याच. मी पडद्यांच्या मधे उभा होतो, म्हणजे त्यांच्या बाजूने तरंगत होतो.

"प्रमुख आहेत का?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून ही बाहेर आली. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची गादी, कपाळावर चष्मा. साहेबांनी तो सगळा साज बघितला आणि कमरेत वाकले. मास्तरही वाकले, पण त्यांना वेळ लागला.

"वहिनी, म्हणजे... आपणच का?" साहेब वाकूनच म्हणाले. "एका सहीसाठी आलोय. यांच्या वस्त्राला आपली मान्यता आहे, एवढंच."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिला सगळं कळायला फारसा वेळ लागला नाही. तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि सरळ उभी राहिली.

"ही पँट आहे," ती म्हणाली.

 बाईंनी मान कलती करून छत्र्या पाहिल्या.

"पँट शिवायला घेतली होती," ती पुढे म्हणाली. "मधली शिवण चुकली. छत्र्यासुद्धा मीच उलट्या कापल्या, मास्तर, त्यात देवाचा काही हात नाही. यांना गळू झालं होतं. आणि मला वाईट वाटू नये म्हणून हे आठवडाभर हे घालून गावभर हिंडतायत. यांना वाटतं मला कळत नाही." तिने टाचण्यांची गादी मनगटावरून उतरवली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे किती दिवस टिकतात ते बघत होते. झाली तेवढी शोभा पुरे. आजच मशीन ताईंकडे पाठवते."

माझी जीभ इतके दिवस गुंतून पडली होती, ती त्या वाक्याने सुटली.

"अगं, तसं नाहीये," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी तुझ्यासाठी घातला, हे खरं. दुसऱ्या दिवशीही. पण गळू तर कधीच बसलं. कपाटात माझ्या चांगल्या चार पँटा आहेत. मग मी हाच का घालतो? मला आवडतो म्हणून. याच्याइतका सुखाचा कपडा मी जन्मात घातलेला नाही. उद्या तू चांगली पँट शिवलीस, तरी मी हाच घालणार. साहेब, हा माझ्या बायकोने शिवलाय. माझा यात काही धर्मबिर्म नाही. मला बरं वाटतं, एवढंच कारण आहे. आता काय कारवाई करायची ती करा."

एवढं बोलून मी दोन्ही हात खिशात घातले. ते गुडघ्यापर्यंत गेले. ही माझ्याकडे बघत होती. या खेपेलाही ती कानाने ऐकत नव्हती, डोळ्यांनी बघत होती, आणि तिला जे दिसलं ते खरं होतं. तिने नाक ओढलं आणि टेपाचं एक टोक उगाचच बोटाला गुंडाळलं.

"म्हणजे सोयीसाठीच," आस्थापनेच्या बाई शेवटी म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. साहेब, नियमाप्रमाणे..."

"थांबा, बाई," साहेब म्हणाले.

ते अजून उभेच होते. खुर्ची पुढे केली होती, पण ते बसले नव्हते. त्यांनी माझ्या स्कर्टाकडे पाहिलं, घेराकडे पाहिलं, मग एकदा मागे वळून खुर्चीकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावरची कळ मी ओळखली. गळवाचा अनुभव घेतलेल्या माणसाला ती ओळखता येते. साहेब भित्रे नव्हते. साहेबांना सबंध बसताच येत नव्हतं.

"वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "तुमची ही चूक तुम्हाला परत करता येईल का?"

"परत?"

"माझ्या मापाची."

बाईंनी कागद पिशवीत परत घातले. मास्तर काहीतरी अर्थ सांगायला लागले होते, पण कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तो मनात ठेवला. आमच्या हिचा चेहरा मात्र मी बघत होतो. आधी तिचा विश्वास बसला नाही, मग बसला, मग ती एकदम कामाला लागली. "हात वर करा," तिने साहेबांना बजावलं, आणि ऑफिसात ज्यांच्यासमोर आम्ही हळू बोलतो त्या साहेबांनी निमूटपणे दोन्ही हात वर केले.

माप झालं. कापड काढायला ती आत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. उरलेलं सगळं माझ्या अंगावर संपलं होतं. ती क्षणभर खोलीच्या मध्यावर उभी राहिली. मग तिने खुर्ची ओढली, वर चढली, आणि ज्या पडद्यांना ती कुणाला हात लावू देत नसे, त्यांतला उजव्या बाजूचा पडदा सरळ दांडीवरून उतरवला.

खोलीत उजेड आला. समोरच्या खिडकीत काकू डोळे विस्फारून बसल्या होत्या. त्यांना आता सगळंच दिसत होतं. मी, दोन्ही पाय जमिनीवर, पूर्ण माणूस. हात वर करून उभे असलेले साहेब. आणि खुर्चीवर उभी असलेली ही, खांद्यावर पडदा, तोंडात टाचण्या. काकू एकदा माझ्या पायांकडे बघत होत्या, एकदा त्या पडद्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मोठी श्रद्धा जाताना दिसली, आणि मला त्यांची थोडी कीव आली.

हिने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि खिडकीतून स्पष्ट आवाजात सांगितलं, "काकू, तो मी शिवलाय."

काकू खिडकीतून जरा पुढे वाकल्या. मग त्यांनी मागे वळून आपल्या घरात पाहिलं. तिथे आरामखुर्चीत त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून बसलेले आहेत.

"मग आमच्या ह्यांचं पण माप घे बाई," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तरी उठतील."

ही खुर्चीवरून उतरली आणि डावा पडदाही काढायला लागली.